समुद्रकाठचं रिसॉर्ट: पैसे कुठे वसूल होतात, कुठे बुडतात

सोयाबीन-कापसाचे पैसे हातात आले आणि दिवाळीची सुटी लागली की मराठवाड्यातल्या गाड्या पश्चिमेला निघतात. पूर्वी गणपतीपुळ्याला देवदर्शन, एखादी घरगुती खोली आणि परत, एवढंच असायचं. आता रात्रीला दहा-पंधरा हजार घेणाऱ्या रिसॉर्टची चौकशी लातूर, जालना, परभणीतूनही होते. परत आल्यावर सगळे एकच विचारतात, "परवडलं का?" त्याचं उत्तर बुकिंग करतानाच बहुतेक ठरून गेलेलं असतं.

अशा ठिकाणी आपण दोन वेगळ्या वस्तूंचे पैसे देतो, एक खोली आणि दुसरा समुद्र. पांढरी चादर, गार एसी, नाश्त्याला पंचवीस पदार्थ हे सगळं संभाजीनगरातल्या चांगल्या हॉटेलातही मिळतं, आणि स्वस्तात मिळतं. समुद्र तेवढा मिळत नाही. म्हणून रिसॉर्टचा भाव बघताना पहिला प्रश्न हाच विचारायचा: या पैशात मला समुद्राचे किती तास मिळणार?

तास मोजायची गरज आपल्याला मुंबई-पुण्यापेक्षा जास्त आहे, कारण आपलं अंतर. संभाजीनगरहून पुणे, सातारा, कराड करत आंबा घाटानं गणपतीपुळ्याला जायचं तर साडेपाचशे किलोमीटर होतात. लातूरकरांना रत्नागिरी–नागपूर महामार्ग सरळ पडतो, तुळजापूर, सोलापूर, कोल्हापूर करून पाचशेच्या घरात. गोव्यालाही लातूरहून जवळपास तेवढंच. म्हणजे जाऊन-येऊन हजार-अकराशे किलोमीटर. गाडी सतरा-अठराचं मायलेज देत असेल तर डिझेलच साडेपाच हजारांच्या आसपास जातं. टोल आणि वाटेतलं खाणं धरून प्रवासाचे आठ हजार धरा, आणि खोलीचे कर-बिर मिळून रात्रीला दहा हजार.

चेक-इन दुपारी दोनला, चेक-आउट सकाळी अकराला. एक रात्र राहिलात तर हातात एकवीस तास येतात. त्यातले आठ झोपेचे गेले, उरले तेरा. अठरा हजार भागिले तेरा म्हणजे जागेपणाच्या तासाला साधारण १,३८५ रुपये. दोन रात्री राहिलात तर खर्च अठ्ठावीस हजार, तास एकोणतीस आणि दर ९६६. तीन रात्रींना ८४४, चार रात्रींना ७८७. पहिल्या रात्रीवरून दुसरीवर गेलं की तासाला चारशेची बचत होते, दुसरीवरून तिसरीवर सव्वाशेची, आणि चौथीत जेमतेम साठ रुपयांची. म्हणून मराठवाड्यातून जाणाऱ्यानं महागड्या रिसॉर्टमध्ये एक रात्र राहणं म्हणजे पैशाची नासाडी. दोन रात्री ठीक, तीन उत्तम. बजेट एकाच रात्रीचं असेल तर तेवढ्यात साध्या पण किनाऱ्यालगतच्या जागेत दोन-तीन रात्री काढाव्यात. एमटीडीसीची गणपतीपुळे आणि तारकर्लीची निवासस्थानं अगदी किनाऱ्याला लागून आहेत. तिथे गालिचा नसेल, समुद्र तोच असतो.

ट्रॅव्हल्सच्या रात्रीच्या बसनं जाणाऱ्यांचा आणखी एक घोळ होतो. बस सकाळी सहा-सातला सोडते आणि खोली दोनला मिळते. सात-आठ तास लॉबीत बॅगांवर बसून पोरं रडकुंडीला येतात. बुकिंग करतानाच विचारा: लवकर आलो तर सामान ठेवून स्विमिंग पूल आणि कपडे बदलायची खोली वापरू द्याल का? बहुतेक ठिकाणी हो म्हणतात, फक्त ते मेलवर लिहून घ्या. भाव कमी करा म्हणण्यापेक्षा लवकर चेक-इन आणि उशिरा चेक-आउट मागणं जास्त फळतं. रविवार ते गुरुवार खोल्या रिकाम्या असतात, तेव्हा तर नक्कीच. दर कमी करायचा अधिकार रिसेप्शनवरच्या पोराला नसतो, दोन तास वाढवून द्यायचा बहुधा असतो.

आता "बीचफ्रंट" या शब्दाकडे येऊ. जाहिरातीत तो फार सैल वापरतात. किनारपट्टी नियमन क्षेत्राची अधिसूचना पहिल्यांदा १९९१ मध्ये निघाली, मग २०११ मध्ये, आणि आताची २०१९ ची. ग्रामीण किनाऱ्यावर वस्ती विरळ असेल तर भरतीरेषेपासून २०० मीटर आणि दाट असेल तर ५० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला ती मनाई करते. त्यामुळे नियमानं बांधलेलं नवं रिसॉर्ट पाण्याला खेटून नसणारच. मध्ये सुरूची झाडं, वाळूचे उंचवटे, कधी गावचा रस्ता, तर कधी मच्छीमारांची वाळवणं असतात. हे वाईट नाही, पण पैसे मोजण्याआधी माहीत हवं. गुगल मॅपवर उपग्रहाचं चित्र लावा, रिसॉर्टच्या इमारतीवरून पाण्याच्या रेषेपर्यंत अंतर मोजा आणि वाटेत नाला किंवा खाडी आडवी येते का ते बघा. काही ठिकाणी समोर समुद्र दिसतो, पण मध्ये खाडीचं मुख असल्यानं किनाऱ्यावर जायला गाडी काढावी लागते.

"खासगी किनारा" हाही असाच शब्द. किनारा सार्वजनिकच असतो. रिसॉर्टचं काय असेल तर तिथे जायचं फाटक आणि चार खुर्च्या. त्यामुळे शहाळेवाला, मण्यांच्या माळा विकणारी बाई, क्रिकेट खेळणारी गावची पोरं येणारच, आणि त्याबद्दल मॅनेजरशी भांडून काही होत नाही.

खोल्यांच्या प्रकारात खरी मेख असते. बागेकडची, अर्धवट समुद्र दिसणारी, समुद्र दिसणारी आणि समुद्रासमोरची, अशा चढत्या भाजणीत दर असतात, आणि पहिल्या-शेवटच्यात रात्रीला तीन-चार हजारांचा फरक सहज पडतो. "अर्धवट" म्हणजे बाल्कनीच्या कोपऱ्यात उभं राहून मान वळवली की नारळाच्या दोन झावळ्यांमधून निळी पट्टी दिसते. समुद्र दिसणाऱ्या खोलीतही एक गोष्ट कुणी सांगत नाही: बाल्कनीचा कठडा. कठडा भरीव सिमेंटचा असेल तर उभं राहिल्यावर समुद्र दिसतो, खुर्चीत बसलं की समोर फक्त भिंत. चहाचा कप घेऊन उभ्यानं किती वेळ बघणार? म्हणून फोटो मागायचा तर खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलेला मागा. तळमजल्यावरून वाळूत लगेच जाता येतं, पण झुडपं आड येतात आणि येणारा-जाणारा खोलीत डोकावतो. पहिला-दुसरा मजला चांगला. आपला किनारा पश्चिमेचा, त्यामुळे समुद्रासमोरच्या खोलीत दुपारी दोननंतर ऊन थेट आत येतं. एप्रिल-मे महिन्यात त्या खोलीचा एसी संध्याकाळपर्यंत झगडत राहतो.

माझं मत विचाराल तर सोबत आजी-आजोबा असतील, गुडघे दुखत असतील, तर समुद्रासमोरच्या खोलीला पैसे द्यावेत. त्यांचा समुद्र बाल्कनीतलाच असतो. पोरं लहान असतील तर बागेकडची खोली घ्या, फक्त ती किनाऱ्याच्या फाटकाजवळची द्या असं सांगा. पोरं खोलीत थांबतच नाहीत, मग न बघितलेल्या देखाव्याचे तीन हजार कशाला?

समुद्राचे तास मोजताना भरती-ओहोटी विसरून चालत नाही, आणि इथे आपल्या भिंतीवरचं कॅलेंडर कामाला येतं. कोकणातलं जुनं गणित असं आहे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. कृष्णपक्षात प्रतिपदेपासून परत एकनं सुरुवात करायची. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी होते. जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहल ठरवायला एवढं पुरतं. याचा अर्थ असा की पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला पाणी खूप मागे गेलेलं असतं. सूर्यास्ताला रुंद, ओली, चालायला कडक वाळू मिळते. अष्टमीच्या आसपास त्याच वेळी पाणी वर आलेलं असतं आणि अरुंद किनाऱ्यावर वाळूची जेमतेम पट्टी उरते. आठवड्यानं तारीख पुढे-मागे केली की तोच किनारा वेगळा दिसतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

अलिबागकडे हे जास्तच जाणवतं. मुंबई-अलिबागच्या टापूत उधाणाला भरती-ओहोटीत चार मीटरच्या वर फरक पडतो. ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं ते त्यामुळेच. गोव्यात हा फरक दोन मीटरच्या आसपास असतो. अलिबागला "समुद्रासमोर" खोली घेतली आणि दिवसाउजेडी ओहोटी असली तर समोर पाण्याऐवजी लांबवर चिखलट वाळू दिसते. अंतर म्हणाल तर संभाजीनगरकरांना अलिबाग सगळ्यात जवळ, पावणेचारशे किलोमीटर. पण डुंबायला दक्षिण गोव्यातला कोलव्यापासून मोबोरपर्यंतचा पांढऱ्या वाळूचा सलग पट्टा किंवा तारकर्ली बरी. गोव्याला विमानानं जाणाऱ्यांनी मोपा आणि दाबोळी या दोन विमानतळांतला फरक लक्षात ठेवावा. मोपा थेट पेडण्यात, उत्तरेच्या टोकाला आहे. तिथून दक्षिण गोव्यातल्या रिसॉर्टला दोन तास लागतात, आणि गोव्यात ओला-उबर नसल्यानं टॅक्सीचं भाडं तिकिटात वाचवलेलं सगळं खाऊन टाकतं.

मोसमाबद्दल थोडक्यात. जून ते ऑगस्ट दर अर्ध्यावर येतात आणि "मान्सून ऑफर" दिसायला लागतात. पण त्या काळात समुद्रात उतरता येत नाही, वॉटर स्पोर्ट्स बंद असतात, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारीलाही बंदी असते, म्हणजे ताटातली सुरमई बर्फातली. पाऊस बघत पडून राहायचं असेल तर मात्र हा सौदा खरंच स्वस्त. मे महिन्यात आपल्याकडं पारा बेचाळीसला असताना कोकणातला तेहतीस-चौतीस आकडा गार वाटतो, पण दमट हवेत घाम वाळत नाही. कोरड्या उन्हाची सवय असलेल्या माणसाला ते जास्त जड जातं. मेअखेरीपासून गोव्या-कोकणाच्या वाळूत डांबराचे काळे गोळेही येतात. तळव्याला चिकटले तर साबणानं निघत नाहीत, खोबरेल तेलानं निघतात. २४ आणि ३१ डिसेंबरला बऱ्याच रिसॉर्टमध्ये "गाला डिनर" सक्तीचं असतं आणि ते माणशी वेगळं लावतात, ते आधी विचारा. जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी, आठवड्याच्या मधले दिवस, हे सगळ्यात किफायतशीर. शाळा बुडते, ते तुमचं तुम्ही बघा.

पोहण्याबद्दल एक वेगळीच अडचण आपल्या लोकांची असते. विहिरीत, तळ्यात सूर मारलेला माणूस स्वतःला पोहणारा समजतो, आणि तो असतोही. पण विहिरीचं पाणी ओढत नाही. समुद्रात किनाऱ्याकडून आत जाणारा ओढा असतो. तो बहुतेकदा तिथेच असतो जिथे लाटा फुटत नाहीत आणि पाणी शांत दिसतं, म्हणजे नवख्याला तीच जागा बरी वाटते. अडकलात तर किनाऱ्याकडं जोर लावायचा नाही, दमछाक होते. किनाऱ्याला समांतर थोडं अंतर कापून ओढ्याबाहेर पडायचं आणि मग वळायचं. गणपतीपुळ्याला तळ एकदम खोल होतो, तिथे बुडण्याच्या घटना घडत आल्या आहेत. लाल-पिवळ्या निशाणांच्या मधेच उतरा, नुसतं लाल निशाण असेल तर नाही. समोर जीवरक्षक आहे की नाही, हे रिसॉर्टच्या किमतीत धरायची गोष्ट आहे. नसेल तर ते "बीचफ्रंट" निम्मं पाण्यात गेलं.

आता कर. इथे शंभर रुपयांच्या फरकानं हजाराचा फटका बसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर १८ टक्के. ७,५०० ची खोली कर धरून ७,८७५ ला पडते, ७,६०० ची ८,९६८ ला. म्हणून सात ते साडेआठ हजारांच्या पट्ट्यातल्या खोल्या नीट बघा. साडेसातच्या खाली सवलत मिळवून आणली तर ती दुप्पट फळते, कारण कर छापील दरावर नाही, प्रत्यक्ष आकारलेल्या रकमेवर लागतो.

जेवणाचं पॅकेजही याच उंबरठ्यावर अडखळतं. खोली ६,८०० ची आणि नाश्ता-रात्रीचं जेवण १,८०० चं असं एकत्र ८,६०० चं पॅकेज घेतलं तर सगळ्यावर १८ टक्के लागू शकतात, म्हणजे १०,१४८. खोली वेगळी घेऊन रेस्टॉरंटमध्ये जेवलात तर खोली ७,१४० आणि जेवणावर १८ टक्के धरले तरी २,१२४, मिळून ९,२६४. जवळपास नऊशेची बचत. ज्या हॉटेलात आदल्या आर्थिक वर्षात एखादी खोली ७,५०० च्या वर गेली असेल, तिथल्या रेस्टॉरंटलाही १८ टक्के लागतो. बाहेरच्या साध्या खानावळीत ५ टक्के, आणि सोलकढी तिथलीच चांगली असते.

पॅकेजची भाषा समजून घ्या. ईपी म्हणजे नुसती खोली, सीपी नाश्त्यासकट, एमएपी नाश्ता आणि एक जेवण, एपी तिन्ही वेळा. शाकाहारी कुटुंबानं एमएपी-एपीच्या नादी लागू नये. बुफेचा दर मासे-कोळंबीमुळे चढतो आणि आपण पनीर-डाळीवर हात फिरवून उठतो. सीपी घ्यावं. उशिराचा भरपेट नाश्ता, दुपारी हलकं काही, रात्री गावात जेवण. पोरांच्या वयाची अट नीट वाचा: पाच किंवा सहा वर्षांपर्यंत फुकट, त्यापुढं बारापर्यंत जास्तीच्या गादीसह किंवा गादीशिवाय वेगळा दर. फोनवर "एक रात्र किती?" असं न विचारता "दोन मोठे, नऊ आणि चार वर्षांची दोन मुलं, जास्तीची एक गादी, नाश्ता, सगळे कर धरून तीन रात्रींचे एकूण किती?" असं विचारा. बुकिंगच्या ॲपवर शेवटच्या पानापर्यंत जाऊन तो आकडा काढा, मग रिसॉर्टच्या रिझर्व्हेशन विभागाला फोन करून तोच सांगा. पुष्कळदा तेवढ्यातच नाश्ता किंवा वरची खोली देतात, कारण ॲपचं कमिशन वाचतं. "नॉन-रिफंडेबल" दर स्वस्त दिसतो, पण मराठवाड्यातून जाताना पाऊस, पेरणी, लग्न, काहीही आडवं येतं. दहा-बारा टक्क्यांच्या फरकासाठी तो घेऊ नये.

ताऱ्यांचं म्हणाल तर सरकारी तारांकन पर्यटन मंत्रालय देतं. ते ऐच्छिक असतं आणि पाच वर्षांसाठी असतं. ॲपवर दिसणारे तारे तेच असतील असं नाही. त्यापेक्षा खोलीत गेल्यावर पाच मिनिटं काढा, बॅगा उघडण्याआधी. खारी हवा लोखंड खाते, म्हणून रिसॉर्टची निगा गंजावरून कळते. बाल्कनीचं सरकतं दार एका हातानं ओढून बघा. खाली रूळपट्टीत वाळू साचली असेल, चाकं गंजली असतील तर ते खरडत येतं आणि शेवटची दोन बोटं बंदच होत नाही. त्या फटीतून रात्री डास येतात आणि एसीची हवा बाहेर जाते. मग बाथरूम: शॉवरखालच्या सांध्यांत काळी रेघ म्हणजे बुरशी. कपाट उघडल्यावर कुबट वास आला तर गाद्या-उशांतही ओल असणार. नळ सोडा आणि साबण चोळा. फेस येत नसेल तर पाणी खारट किंवा जड आहे. आपल्याला बोअरच्या जड पाण्याची सवय असते, पण रात्रीला दहा हजार देऊन ती सवय कशाला जपायची? यातलं काही निघालं तर सामान न काढता लगेच खोली बदलून मागा. तासाभरानं मागितली तर "सगळ्या भरल्यात" हे उत्तर ठरलेलं.

स्विमिंग पूलही बघा. कडेला उभं राहून तळाची जाळी स्पष्ट दिसली पाहिजे. डोळ्यांना झोंबणारा उग्र वास म्हणजे क्लोरीन भरपूर आहे असं नव्हे. घाम-मुतानं ते वापरलं गेलंय आणि पाणी बदलायला झालंय, असा त्याचा अर्थ. बहुतेक पुलांत नायलॉनचा पोशाख लागतो, सुती चड्डी, साडी, पंजाबी ड्रेस चालत नाही. आणि पोशाख रिसॉर्टच्या दुकानात घ्यायची वेळ आली तर भाव ऐकूनच गार व्हायला होतं. संभाजीनगरच्या गुलमंडीतून किंवा लातूरच्या गंजगोलाईतून आधीच घेऊन जा, बायकांसाठी पूर्ण बाह्यांचा मिळतो.

पैसे देताना: आल्या आल्या अनामत म्हणून डेबिट कार्डावर रक्कम अडकवून ठेवतात, ती सुटायला काही दिवस जातात. क्रेडिट कार्ड द्या, नाहीतर यूपीआयनं भरून पावती घ्या. मोठी रक्कम रोखीनं द्यायची तर पॅन मागतात, कार्ड जवळ ठेवा. छापील किमतीपेक्षा महाग पाण्याची बाटली हॉटेलात बसून घेतली तर वाद घालण्यात अर्थ नाही, सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये हॉटेलांना ती मुभा दिली आहे. गावातून पाण्याचा मोठा कॅन घेऊन या. सर्व्हिस चार्जचं मात्र उलट आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची जुलै २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं दिल्ली उच्च न्यायालयानं २८ मार्च २०२५ ला कायम केली. हा चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही. शांतपणे "हा काढा" म्हणायचं. नाहीच काढला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

बिल आदल्या रात्रीच मागून घ्या. सकाळी अकराला काउंटरवर रांग असते, ड्रायव्हर घाई करत असतो आणि कुणी ओळी वाचत नाही. मिनीबारमधलं न उघडलेलं शीतपेय, न मागवलेली लाँड्री, दोनदा लागलेली जास्तीची गादी, नाश्ता पॅकेजमध्ये असूनही वेगळा लावलेला, या चार जागी बोट ठेवून बघा. कराची ओळ बघताना खोलीचा दर प्रत्येक रात्रीचा वेगळा लिहिलाय का तेही पाहा, कारण शनिवारची रात्र साडेसात हजारांच्या वर आणि रविवारची खाली असेल तर दोन्हींवर १८ टक्के लावायचं कारण नाही.